रुळांकडचा पालक आणि टपरीवरचा चोथा

मावशींचा प्रश्न सरळ होता. “मास्तर, भाजी खावाची का नाय, तवरं सांगा.” उत्तर द्यायला आम्हाला दोन सेमिस्टर लागली, आणि जे दिलं ते काही सरळ नव्हतं. मधल्या काळात काय काय झालं ते इथे मांडतो आहे. साहित्य टाकाऊ, काम अन्नतपासणीचं, चुका बहुतेक आमच्याच.

ठाण्याहून कल्याणकडे जाताना लोकलच्या खिडकीतून रुळांच्या कडेने हिरवे वाफे दिसतात. पालक, लाल माठ, मेथी, कुठे भेंडी, कुठे आळू. रेल्वेने आपली पडीक जमीन ‘ग्रो मोअर फूड’ योजनेखाली लागवडीला दिली, हे रोज त्या खिडकीशी बसणाऱ्यांनाही बहुधा ठाऊक नसतं. अधूनमधून नाल्याच्या पाण्याचे फोटो फिरतात, चार दिवस लोक पालक घेत नाहीत, पाचव्या दिवशी घेतात. मावशींचा तुकडा रेल्वेचा नव्हता. रुळांच्या पलीकडे त्यांच्या स्वतःच्या नावावरचा होता. पण जुडी हातात घेऊन गिऱ्हाईक विचारायचं, “रुळांकडची ना?” आणि परत ठेवायचं. पाण्याबद्दल त्यांनी काही लपवलं नाही. दिवाळीपासून मार्चपर्यंत बोअर, आणि बोअर आटली की नाल्याला पंप. माझी एम.एस्सी.ची एक विद्यार्थिनी त्यांच्याच गावची. तिला प्रोजेक्ट हवा होता, मावशींना उत्तर हवं होतं, आणि माझ्याकडे कॉलेजची जुनी एचपीएलसी होती, म्हणजे द्रवातले घटक एका बारीक नळीतून (कॉलममधून) वेगळे करून मोजणारं यंत्र. असं हे प्रकरण सुरू झालं.

शोधायचं काय

नाल्याच्या पाण्यावरची भाजी म्हटलं की लोक शिसं आणि कॅडमियम म्हणतात. त्यावर ठाणे-मुंबईत अनेक प्रोजेक्ट होऊन गेलेत. आम्ही दुसरीकडे पाहायचं ठरवलं: माणसांच्या शरीरातून आणि मोरीतून सांडपाण्यात जाणारी औषधं, साबणातली रसायनं, प्लास्टिकमधली बिस्फेनॉलं. यांना शास्त्रीय मराठीत ‘उदयोन्मुख प्रदूषकं’ म्हणतात. उदयोन्मुख म्हटलं की मला दिवाळी अंकातला तरुण कवी आठवतो, पण शब्द तोच आहे. ही रसायनं नवी नसतात. त्यांच्याकडे लक्ष नव्याने गेलेलं असतं.

त्यातली दोन आम्ही निवडली. एक कॅफिन. चहा-कॉफी पिणाऱ्या कुठल्याही शहराच्या मैलापाण्यात ते असतं आणि प्रक्रिया केंद्रातल्या जिवाणूंना ते आवडतं, त्यामुळे शुद्ध केलेल्या पाण्यात फार उरत नाही. म्हणजे कॅफिन भरपूर दिसलं तर समजायचं की कच्चं सांडपाणी थेट आलंय. दुसरं कार्बामाझेपिन, म्हणजे फिट येणाऱ्यांना आणि चेहऱ्याच्या नसेच्या दुखण्यावर देतात ते औषध. हे अगदी उलट स्वभावाचं. नेहमीच्या जैविक प्रक्रियेत ते बहुधा दहा टक्केही कमी होत नाही. शरीरातून ते बरंचसं रूप बदलून बाहेर पडतं, पण त्यातला काही भाग सांडपाण्यातले जिवाणू पुन्हा मूळ रूपात आणतात. विद्युतभार नसलेला रेणू, पाण्यात बेताचा विरघळणारा, मुळातून आत शिरला की पाण्याच्या प्रवाहाबरोबर पानापर्यंत चढतो. पाणी पानातून उडून जातं, हा तिथेच बसतो. म्हणून तो पालेभाजीत शोधायचा आणि म्हणूनच तो धुऊन जात नाही. नळाखाली जुडी कितीही खळखळवा, माती जाईल. कार्बामाझेपिन पानाच्या आत आहे.

ही नुसती पुस्तकी भीती नाही. इस्रायलमध्ये शेतीला प्रक्रिया केलेलं सांडपाणी मोठ्या प्रमाणावर वापरतात. तिथल्या संशोधकांनी २०१६ मध्ये ३४ निरोगी माणसांवर एक चाचणी प्रसिद्ध केली. एका गटाला आठवडाभर तशा पाण्यावरची भाजी-फळं, दुसऱ्याला गोड्या पाण्यावरची, मग अदलाबदल. पहिल्या गटाच्या लघवीत आठवड्याभरात कार्बामाझेपिन वाढलं. औषध घेणाऱ्या रुग्णांच्या मानाने ते हजारो पटींनी कमी होतं, पण होतं.

चोथाच का

पाल्यातून रसायन काढायची आज सर्वांत रूढ पद्धत म्हणजे क्वेचर्स. २००३ मध्ये ती कीटकनाशकांसाठी आली आणि मग सगळीकडे पसरली. दहा ग्रॅम वाटलेला पाला, दहा मिलिलिटर अ‍ॅसिटोनायट्राइल, चार ग्रॅम मॅग्नेशियम सल्फेट, एक ग्रॅम मीठ. झाकण लावून मिनिटभर जोरात हलवायचं. मॅग्नेशियम सल्फेट पाणी पितं तेव्हा नळी हातात चहाच्या ग्लासासारखी गरम लागते. नवीन मुलं दचकतात. सेंट्रीफ्यूज केलं की वर अ‍ॅसिटोनायट्राइलचा थर, त्यात आपलं रसायन आणि त्याच्यासोबत पालकाचं सगळं हरितद्रव्य. तो थर बाटलीतल्या हिरव्या सरबतासारखा दिसतो. असा माल यंत्रात घातला तर कॉलमचा जीव जातो आणि मास स्पेक्ट्रोमीटरमध्ये, म्हणजे रेणू वजनावरून ओळखणाऱ्या यंत्रात, खरा संकेत दबून जातो.

ते सरबत साफ करायला शोषक लागतो. साखर-आम्लांसाठी अमाइन बसवलेली सिलिका आणि हिरव्या रंगासाठी ग्रॅफाइटसारखा घडवलेला कार्बन. दोन्ही बाहेरून येतात, दोन्ही महाग, आणि तयार कार्ट्रिज घ्यायची तर एकेकीला काही शे रुपये. एका विद्यार्थिनीच्या प्रोजेक्टमध्ये ब्लँक (नमुन्याशिवायची नळी), स्पाइक (मुद्दाम रसायन घातलेली), तिहेरी मोजणी धरून दीड-दोनशे नळ्या सहज होतात. आमच्या विभागाचं वर्षाचं रसायनांचं बजेट तेवढ्यात आटोपलं असतं.

टाकाऊ पदार्थांपासून शोषक करायची कल्पना आमची नाही. नारळाच्या करवंटीचा सक्रिय कोळसा हा आपल्याकडे मोठा उद्योगच आहे. उसाची चिपाडं, भाताचं तूस, संत्र्याची सालं, कोळंबीच्या टरफलातलं कायटोसन, सगळ्यांवर काम झालेलं आहे. खरं तर ठाणे खाडीच्या काठी राहून कोळंबीचं टरफल न वापरणं हा करंटेपणाच. पण कायटोसन करायला आधी आम्ल, मग अल्कली, मग पुन्हा तीव्र कॉस्टिक लागतं आणि त्या वासाला आमच्या मजल्यावर परवानगी मिळाली नसती. कॉलेजच्या फाटकाबाहेर चहाची टपरी आहे. तिथे रोज संध्याकाळी बादलीभर चोथा गटाराकडेला ओतला जातो. तो फुकट होता. एवढंच कारण.

पहिला घोळ: कॅफिन कुठून आलं

टपरीवरचा चोथा म्हणजे नुसती चहापत्ती नव्हे. त्यात दूध असतं, साखर असते, ठेचलेल्या आल्याच्या तारा असतात, पावसाळ्यात गवती चहाच्या काड्या. पिशवी दुपारपर्यंत राहिली की आंबट वास सुटतो. विद्यार्थिनीने तो निवडला, उकळत्या पाण्यात धुतला, गाळला, पुन्हा उकळला. सातव्या धुण्याला पाणी स्वच्छ आलं. मग १०५ अंशांवर ओव्हनमध्ये वाळवून, दळून, शंभर मेशच्या चाळणीतून चाळला. तपकिरी, हलका, छान भुगा. तो थेट शोषक म्हणून घातला.

हिरवा रंग थोडाच कमी झाला, ते चाललं असतं. पण क्रोमॅटोग्रामवर, म्हणजे यंत्राच्या आलेखावर, २७३ नॅनोमीटरला कॅफिनच्या वेळेवर नीट टोकदार शिखर आलं. मुलगी खूश. “सर, नाल्याचं पाणी पकडलं!” मी विचारलं, ब्लँक कुठाय? पालक न घालता बाकी सगळं तसंच करून जी नळी चालवायची, ती तिने शेवटी ठेवली होती. ती चालवली. तिथेही शिखर, जवळपास तेवढ्याच उंचीचं.

सांडपाण्याची खूण म्हणून कॅफिन शोधायचं आणि गाळणी चहाच्या चोथ्याची. आज लिहिताना हसू येतं, पण त्या दिवशी दोघंही बराच वेळ गप्प होतो. कोरड्या चहापत्तीत दोन ते चार टक्के कॅफिन असतं. टपरीवाल्याने कितीही उकळलं तरी सगळं निघत नाही, आणि आमची सात धुणी पाण्याची होती. पाणी रंगहीन आलं म्हणजे टॅनिन संपलं. कॅफिनला रंगच नाही. त्यात वाळलेलं पान अ‍ॅसिटोनायट्राइलमध्ये पडलं की जे पाण्याला सोडलं नव्हतं तेही सोडून देतं. टाकाऊ पदार्थाला भूतकाळ असतो आणि तो तुमच्या नमुन्यात उतरतो, हे पाठ्यपुस्तकात एका ओळीत असतं. आम्हाला तीन आठवडे लागले.

उपाय उघड होता: जाळा. कॅफिन १७८ अंशांच्या सुमारास घनातून थेट वाफ होतं. भुगा झाकणाच्या क्रुसिबलमध्ये दाबून, वर फॉइल, मफल फर्नेसमध्ये ५०० अंशांवर तासभर. हवा कमी असली की राख न होता कोळसा होतो, ज्याला आता सगळे बायोचार म्हणतात. वजन तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी उरलं. मग राखेतले क्षार काढायला सौम्य हायड्रोक्लोरिक आम्ल, नंतर लिटमस बदलेनासा होईपर्यंत पाणी, आणि शेवटी टोल्युइन. टोल्युइन यासाठी की सेंद्रिय पदार्थ जाळताना बहुचक्रीय हायड्रोकार्बन तयार होतात आणि कोळशालाच चिकटून राहतात. एक प्रदूषक काढायला जाऊन दुसरं आणू नये. पालकात तीच हायड्रोकार्बनं शोधायची असती तर मी हा कोळसा वापरूच दिला नसता.

नवा ब्लँक चालवला. कॅफिनच्या जागी सपाट रेघ.

मग पालकाचा ब्लँक चालवला आणि शिखर परत हजर.

इथे फरक सांगायला हवा. पद्धतीचा ब्लँक म्हणजे पालकाशिवाय. पालकाचा ब्लँक म्हणजे ज्यात शोधायचं रसायन नाही याची खात्री आहे असा पालक. बाजारातल्या पालकाची खात्री कोण देणार? म्हणून मुलीने तो घरी, गॅलरीतल्या कुंडीत, फिल्टरच्या पाण्यावर वाढवला होता. कोळसा साफ, सॉल्व्हंट साफ, काचेची भांडी साफ. मग कुंडीतल्या पालकात कॅफिन कसं? दोन दिवस आम्ही यंत्रावर संशय घेतला. मी तर प्रयोगशाळेत चहाचा कप आणणाऱ्यांची हजेरी घेतली. तिसऱ्या दिवशी ती येऊन दारातच म्हणाली, “सर, आई कुंड्यांत चहाचा चोथा टाकते. गुलाबाला चांगला म्हणून. पालकालाही टाकलाय.”

आता यावर काय बोलणार. मुळांनी कॅफिन मातीतून उचललं होतं आणि पद्धत आपलं काम चोख करत होती. एका अर्थाने कॉलेजात मिळालेला तो पहिला खरा निकाल. नवी कुंडी, नवी माती, आईला ताकीद, आणि पालक यायची आणखी पाच आठवडे वाट. कॅफिन मात्र मी मुख्य यादीतून काढून टाकलं. ज्या शहरात घरोघरी चोथा कुंडीत जातो तिथे भाजीतलं कॅफिन नाल्याचं की आईचं, हे पानाला विचारता येत नाही. कार्बामाझेपिन कुंडीत कोणी टाकत नाही.

दुसरा घोळ: फार स्वच्छ

कोळशाने रंग असा काढला की बघत राहावं. एका मिलिलिटर अर्काला ५० मिलिग्रॅम, अर्धं मिनिट हलवलं, सेंट्रीफ्यूज केलं, वरचं द्रव पाण्यासारखं. फोटो काढून तिने सेमिनारच्या पहिल्या स्लाइडवर लावला. दुसऱ्या स्लाइडवर रिकव्हरी होती, म्हणजे मुद्दाम घातलेल्यापैकी किती परत मिळालं ते. कीटकनाशकांच्या तपासणीत ७० ते १२० टक्के हे मान्य माप आहे. आमचं कार्बामाझेपिन त्याच्या आसपासही नव्हतं. बरंचसं कोळशातच राहिलं होतं.

तोटा नक्की कुठे होतोय हे शोधायला एक जुनी युक्ती वापरली. सारखंच औषध तीन ठिकाणी घालायचं: वाटलेल्या पाल्यात, अर्क काढल्यानंतर पण साफसफाईआधी, आणि साफसफाईनंतर. पहिल्या दोन नळ्या सारख्याच घसरल्या, तिसरी भरली. म्हणजे पाल्यातून औषध नीट निघत होतं. गिळत होता कोळसा. हरितद्रव्याच्या गाभ्यात सपाट चकती असते आणि ती कोळशाच्या सपाट पापुद्र्यांवर चिकटते. कार्बामाझेपिनलाही दोन बेंझिन कडी आहेत. पंख किंचित मिटलेल्या फुलपाखरासारखा त्याचा आकार असला तरी चिकटायला तेवढं पुरतं. पिण्याच्या पाण्यातलं हे औषध काढायला कोळसाच वापरतात, मग इथे त्याने सोडावं ही अपेक्षाच चुकीची.

मला वाटतं, टाकाऊ शोषकांवरच्या कामात सगळ्यात जास्त फसगत इथे होते. ज्यांनी तो पदार्थ सांडपाणी शुद्ध करायला बनवला त्यांना ‘किती धरलं’ याचं कौतुक. तपासणीवाल्याला ‘किती सोडलं’ हे हवं असतं. तोच कोळसा, तोच आलेख, पण एकाची शाबासकी ती दुसऱ्याची नापासाची मार्कलिस्ट.

दोन वाटा होत्या. अर्कात टोल्युइन मिसळायचं, तीन भाग अ‍ॅसिटोनायट्राइलला एक भाग, म्हणजे तेच कोळशावर बसतं आणि औषधाला उठवतं. ग्रॅफाइट कार्बनसाठी ही सोय माहितीतली आहे आणि आमच्याकडेही ती चालली. पण टोल्युइन एचपीएलसीच्या पाणी-मिथेनॉलमध्ये मिसळत नाही, म्हणून प्रत्येक नळी नायट्रोजनखाली कोरडी करून पुन्हा विरघळवायची. आमच्याकडे नायट्रोजनचा एक सिलिंडर आणि त्याला एकच नळी. दुसरी वाट साधी: कोळसा कमी. ५० ऐवजी १० मिलिग्रॅम. रिकव्हरी मापात आली, द्रव मात्र फिकट पोपटी राहिलं. मुलीला ते आवडलं नाही. डोळ्याला स्वच्छ वाटतं ते आणि यंत्राला पुरेसं स्वच्छ असतं ते वेगळं, हे पटवायला कॉलमचा दाब दहा इंजेक्शनांनंतर मोजून दाखवावा लागला. वाढला नव्हता.

शेवटचा प्रश्न घाण्याघाण्यातल्या एकसारखेपणाचा. दिवाळीत टपरीवाल्याने पत्ती बदलली आणि नव्या चोथ्याच्या कोळशाने पुन्हा जास्त औषध धरलं. कंपनीच्या कार्ट्रिजसाठी आपण पैसे देतो ते खरं म्हणजे याचेच: मार्चची आणि ऑक्टोबरची सारखी वागते. आम्ही शेवटी दोन महिन्यांचा चोथा साठवून, एकत्र करून, एकच मोठा घाणा जाळला आणि उरलेलं सगळं काम त्या एका डब्यातून केलं. डब्यावर तिने खडूने ‘हात लावू नये’ लिहिलं. नारळाच्या करवंटीने हा त्रास कमी झाला असता असं मला आता वाटतं.

नमुने आणि आकडे

एचपीएलसीला नॅनोग्रॅममधलं औषध दिसत नाही. सराव तिच्यावर, खरे नमुने नवी मुंबईतल्या एका खासगी प्रयोगशाळेत, नमुन्यामागे पैसे मोजून. तिथे कार्बामाझेपिनचा २३७ वजनाचा आयन फोडून १९४ चा तुकडा मोजतात, खात्रीला आणखी एक तुकडा बघतात, आणि सोबत ड्यूटेरियम (जड हायड्रोजन) घातलेलं जड कार्बामाझेपिन टाकतात. ते २४७ वर येतं. अर्कात काहीही दाबलं गेलं तर दोघंही सारखेच दबतात, गुणोत्तर खरं राहतं. आमच्या पोपटी द्रवाला या जड भावंडानेच तारलं. मावशींच्या बोअरच्या दिवसांतल्या पालकात मोजण्याजोगं काही आलं नाही. मे महिन्याच्या, नाल्याच्या पाण्यावरच्या पालकात शिखर होतं. लहान, पण दोन्ही तुकड्यांनी दुजोरा दिलेलं.

मग मावशींचा प्रश्न. भाजीतल्या कीटकनाशकांना आपल्याकडे कायद्याने मर्यादा आहेत. माणसांचं फिटचं औषध पालकात किती चालेल असा आकडा नाही. हिशेब मांडून पाहता येतो. समजा एका ग्रॅम पाल्यात ५ नॅनोग्रॅम आहे. शंभर ग्रॅम भाजीत अर्धा मायक्रोग्रॅम झाला. रुग्णाची एक गोळी २०० मिलिग्रॅमची, म्हणजे त्याच्या चार लाख पट. रोज अशी भाजी खाल्ली तर एक गोळी पोटात जायला हजार वर्षं लागतील.

हे सांगितलं की सगळे निश्चिंत होतात, आणि मला तेच नको असतं. विषशास्त्रात ‘चिंतेचा उंबरठा’ नावाचं माप आहे, इंग्रजी आद्याक्षरांनी टीटीसी. आमच्या भागात टीटीसी म्हणजे ट्रान्स ठाणे क्रीक, ठाणे-बेलापूर पट्ट्यातली एमआयडीसी. पहिल्यांदा ऐकून मुलगी चक्रावली होती. नेहमीच्या रसायनांतल्या सर्वांत कडक वर्गाला हा उंबरठा माणशी दिवसाला ९० मायक्रोग्रॅम धरतात, पण रचनेवरून जनुकांना धोका वाटतो अशांना फक्त ०.१५. कार्बामाझेपिन स्वतः पहिल्यात बसतं. पानात शिरल्यावर मात्र झाड त्याचं काही अंशी इपॉक्साइड, म्हणजे ऑक्सिजन जोडलेलं रूप, करतं, आणि ते दुसऱ्या वर्गात धरतात. ते मोजायला तुलनेसाठी लागणारं शुद्ध प्रमाणद्रव्य आमच्या बजेटमध्ये बसलं नाही. म्हणजे ज्याची चिंता कमी ते मोजलं आणि ज्याची जास्त ते राहिलं.

मावशींना मी असं सांगितलं: बोअरच्या पाण्यावरची भाजी खुशाल खा, विका. नाल्याच्या पाण्यावरची विकू नका, आणि ते या औषधासाठी नाही. त्या पाण्यातल्या जंतांसाठी आणि जुलाबासाठी. औषध सापडलं याचा अर्थ तिथे मैलापाणी पोचतंय, आणि मैलापाण्यातलं बाकीचं औषधापेक्षा लवकर माणसाला गाठतं. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, “मे महिन्यात बोअर सुकते, ता तुमच्या मशीनला सांगा.”

त्या दिवशी त्या कॉलेजात आल्या होत्या, त्यामुळे डबा दिसला. हे काय, म्हणून झाकण उघडून काळा भुगा चिमटीत घेतला. मुलीने समजावलं की हा कोळसा औषध धरून ठेवतो, सोडतच नाही, त्याच्यामुळे आमचं सेमिस्टर गेलं. मावशींनी चिमूट परत डब्यात झटकली. “धरून ठेवतो ना? मग मातीत का नाय टाकलात?”

कोळसा मातीत मिसळला की मुळांना औषध कमी मिळतं, यावर काम झालेलं आहे, ते मी वाचलेलंही होतं. आमच्या डोक्यात कोळसा नळीतच अडकला होता.

चोथ्याचे दोन घाणे आणखी जाळले, या वेळी चाळणी-आम्ल काही नाही. नोव्हेंबरात त्यांनी दोन वाफे शेजारी शेजारी केले. या वेळी मुद्दाम दोन्हींना नाल्याचंच पाणी, आणि भाजी विकायची नाही असं ठरवून. तिसऱ्या आठवड्यात गेलो तेव्हा एका वाफ्याच्या टोकाला काठीवर लाल चिंधी बांधलेली होती. “चिंधीवाला तुमच्या कोळशाचा,” मावशी म्हणाल्या, आणि मग मुलीकडे वळून, “खुडून नेशील तवा जुड्या मिसलू नको.”